हात सोड, मग बोल

डोशाचं पीठ वाटताना आपली लेक जननी एवढी खुशीत का असते, हे नागलक्ष्मीला त्या शनिवारी कळलं. ग्राइंडरच्या मागे, उडदाच्या डब्याला टेकून, एक गुलाबी पुस्तक उभं होतं. वर इंग्रजीत नाव आणि शर्टाची बटणं लावायला विसरलेला एक पोरगा.

"मेल्याला आई नाही वाटतं घरात," असं पुटपुटत तिनं ते उघडलं.

पोरगा कॉलेजच्या क्रिकेट संघाचा कप्तान. बापाचा पैसा, तोंडाचा फटकळ. साऱ्या जगाशी उद्धट वागायचं आणि एका मुलीपुरतं हळवं व्हायचं, एवढीच त्याची कर्तबगारी. भर वऱ्हांड्यात त्यानं तिचं मनगट धरलं आणि बजावलं, की माझ्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. आता कुठलीही शहाणी मुलगी काय करेल? थोबाडीत ठेवून देईल! ही बया मात्र विरघळली. गुडघ्यांतलं बळ गेलं म्हणे. नागलक्ष्मीच्या डोक्यात तिडीकच गेली. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. असली पुस्तकं नववीच्या वर्गात या दप्तरातून त्या दप्तरात फिरताना तिनं पाहिली होती, पण तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात?

आणि त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे तिनं मान वर केली तेव्हा पीठ फुगून ग्राइंडरच्या कडेनं खाली ओघळलं होतं आणि तिला पुढचं पान उलटायचं होतं. फरशी पुसताना ती स्वतःलाच शिव्या घालत होती.

तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत तिच्या माहेरची-सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जुन्या वळणाची मराठी बोलत आली, पण देवनागरी वाचता येणारं घरात कुणी उरलं नव्हतं. नागलक्ष्मीनं हट्टानं पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन शिकवणी लावली. वाचायला शिकली, लिहायला शिकली, आणि मग घरातल्या सगळ्यांना सुधारायला निघाली. जननीनं "मज भूक लागली" म्हटलं, की ही ताट वाढायच्या आधी म्हणायची, "मज नाही, मला." पोर "कोठे" म्हणाली, की "कुठे म्हण." भाषा टिकवायची तर नीट नको का टिकवायला? पण वर्षभरात जननीचं मराठी आटत गेलं. आता आईनं मराठीत काही विचारलं, की तमिळमध्ये तुटक उत्तर यायचं. दहावीनंतर ती शिकायला चेन्नईला जाणार. तिथं तर सगळंच संपलं! हे सगळं या इंग्रजी पुस्तकांनी केलं, असं नागलक्ष्मीनं ठरवून टाकलं आणि पुस्तक कपाटात कुलपाखाली ठेवलं.

जननी भांडलीसुद्धा नाही. "शरी-मा," बरं आई, एवढंच तमिळमध्ये म्हणाली आणि आत गेली.

भांडले ते मामंजी! श्रीनिवासराव, नागलक्ष्मीचे सासरे, पापनाशमचे निवृत्त स्टेशनमास्तर. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बंद. सोमवारी फिल्टरची कापी पाणचट झाली म्हणाले. मंगळवारी रसम खारट झालं म्हणाले. बुधवारी ताटावरून उठायलाच निघाले.

"मामंजी, झालंय तरी काय तुम्हाला?"

"ती पोर हात सोडवून घेतली की नाही, तेवढे सांग मज!"

"कोण पोर?"

"वऱ्हांड्यातली! तो कप्तान तिचा हात धरला, आणि तू पुस्तक उचलून नेलीस. जननी रोज दुपारी मज गोष्ट सांगते. आता नाही म्हणते."

नागलक्ष्मी हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. "सांगते? कुठल्या भाषेत?"

"अय्यो, आपल्या भाषेत! इंग्रजी मज येत नाही कां? गाड्या काय तमिळमध्ये सोडल्या मी? पण पोर मराठीत सांगते. फार गोड लागते ऐकायला."

तिनं कपाट उघडलं. पुस्तक जननीच्या टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर नागलक्ष्मी मागच्या दारानं आत शिरली आणि चोरासारखी स्वयंपाकघरात उभी राहिली. बाहेर ओट्यावर जननी सांगत होती. काय सांगत होती! अडखळणं नाही, तमिळचा आधार नाही. कप्तानाला तंजावरचा करून टाकलं होतं, वऱ्हांडा राजवाड्याजवळच्या कॉलेजचा झाला होता. नागलक्ष्मीच्या आईच्या तोंडचे शब्द, जे तिनं स्वतः वर्षभर उच्चारले नव्हते, ते या पोरीच्या तोंडून घडाघडा येत होते.

"तो मनगट धरला. माझ्याशिवाय कोणाशी बोलू नको म्हणून सांगितला."

"मग?" मामंजी पुढे सरकले.

ते पान नागलक्ष्मीला ठाऊक होतं. आता गुडघे जाणार.

"मग ती म्हणाली, आधी हात सोड, मग बोल. मज तुझ्या हुकुमाची गरज नाही."

"शाब्बास!" मामंजींनी मांडीवर थाप मारली.

पुस्तकात हे नव्हतं. हे पोरीचं होतं! नागलक्ष्मीला इतका आनंद झाला, की तिचं तोंड आपोआप उघडलं. जित्याची खोड.

"मज नाही गं, मला!"

जननीनं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं.

"अवळोदान, ताता," ती तमिळमध्ये म्हणाली. एवढंच, आजोबा. ती आत निघून गेली आणि तिच्या खोलीचं दार लागलं.

"झाले समाधान?" मामंजी म्हणाले. "आता तूच सांग पुढची गोष्ट. तुज सगळे शुद्ध येते."

नागलक्ष्मीनं ओट्यावरचं पुस्तक उचललं. पुढे काय होतं ते त्यात छापलेलं होतं, आणि ते तिला नको होतं. ती जननीच्या दारापाशी गेली. काय म्हणावं? मनात वाक्य जुळवलं, तर ते पुण्याच्या बाईंचं झालं. ते मोडलं. दुसरं जुळवलं, तेही तसलंच. स्वतःचाच तिला असा संताप आला, की दारावर कपाळ आपटावंसं वाटलं. शेवटी ती तिच्या आईसारखं बोलली.

"जननी, पुढे काय झाले गे? मज सांग की."

आतून उत्तर आलं, मराठीत.

"आजाला सांगेन. तुज नाही."

नागलक्ष्मी दाराबाहेर उभी राहिली. 'तुज नाही, तुला,' हे तोंडाशी आलं होतं, ते तिनं गिळलं.