हलव्याचा हायड्रोजन

आमच्या ह्यांना एखादं खूळ लागलं की घरातली एकही वस्तू त्यातून सुटत नाही. बत्तीस सालच्या संक्रांतीला पाळी हलव्याची आली.

हे तेव्हा सोलापुरात एका हायस्कुलात हंगामी मास्तर होते. संक्रांतीनंतर आठवड्याने पुण्याहून इन्स्पेक्टर यायचे होते. त्यांना ह्यांचा रसायनशास्त्राचा तास पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा वैरागला जाऊन पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे. वैराग काही वाईट नाही, पण मला सोलापूर सोडायचं नव्हतं, हे उघडच सांगते.

तास कार्बनच्या संयुगांचा होता. ह्यांनी मला चुलीपाशी बसून समजावलं. कार्बनला चार हात, हायड्रोजनला एकच. कार्बन एकमेकांचे हात धरून साखळी करतात. कधी साखळीला फाटे फुटतात, कधी दोन्ही टोकं जुळून कडं होतं. पोरांना हे डोळ्यांनी दिसावं म्हणून तिळगुळाच्या गोळ्यांचा कार्बन झाला आणि हलव्याच्या दाण्यांचा हायड्रोजन. तारा वाकवायचं काम ह्यांचं, दाणा न् दाणा दोऱ्याने बांधायचं माझं. चार दिवस माझी बोटं चिकट होती. पांढरे दाणे उठून दिसावेत म्हणून ताटात काळं कापड अंथरलं, त्यावर सगळं मांडलं आणि ताट फडताळात ठेवलं.

इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दुपारी माझ्या नणंदेच्या, रुक्मिणीच्या बाळाचं बोरन्हाण आमच्याकडे होतं. मी गल्लीतली उरलेली बोलावणी करून परत येते तर बाळ पाटावर, आणि अंगावर सगळी संयुगं! शेजारच्या शांतम्माने फडताळ उघडलं होतं. काळ्या कापडावर हलवा म्हणजे बाळाचे दागिने, हे कुणीही म्हणेल. बाळाच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतून झाले होते, आणि पोरांनी बोरांबरोबर निम्मा हायड्रोजनही लुटला होता.

मी रडकुंडीला आले. शांतम्माला तोंडाला येईल ते बोलले. त्याची मला आजही लाज वाटते. तेवढ्यात हे शाळेतून आले. आता घर डोक्यावर घेणार असं वाटलं, पण हे बाळासमोर उकिडवे बसले आणि त्याच्या अंगावरच्या उरल्यासुरल्या तारा बघत राहिले. मग शांतम्माला विचारलं, कुठला दागिना कुठे घालायचा हे कोणी सांगितलं?

ती बिचारी पदराशी चाळा करत म्हणाली, "कुनी सांगायचं, मास्तर? तोंड मोकळं ते गळ्यात, तोंड मिटलेलं हातापायात. फाटं फुटल्यालं कपाळाला. ह्यात चुकायचं काय हाय की?"

हे खो खो हसत सुटले. हेच वर्गीकरण तीन दिवस वर्गात ओरडून सांगत होते म्हणे, आणि एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी मोहनमाळ, पाटल्या आणि बिंदी शाळेत गेली. फळ्यावर एकेक संयुग काढायचं आणि पोरांनी त्याचा दागिना उचलायचा. ह्यांनी सांगितलं, शेवटच्या बाकावरचासुद्धा चुकला नाही. ही पद्धत कुठे शिकलात असं इन्स्पेक्टरांनी विचारलं, तेव्हा ह्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

संध्याकाळी ह्यांनी इन्स्पेक्टरांचा शेरा कागदावर उतरवून आणला होता. आधी मी तिळगूळ घेऊन शांतम्माकडे गेले आणि तिची माफी मागितली. "जाऊ द्या की बाई," एवढंच ती म्हणाली. मग ह्यांनी तिच्या ओसरीवर कागद वाचला: "शेजारीण शांतम्मा यांची वर्गीकरणाची रीत उत्तम. मास्तरांस कायम करावे."

तिने तो तीनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "माझं नाव कुटं हाय, तितं बोट ठेवा."

ह्यांनी बोट ठेवलं. शांतम्माने लुगड्याला हात पुसला आणि त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं.