पट्टी मोडायची राहिली

मित्रांनो, अशा कहाणीची सुरुवात 'मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे' अशी करायची पद्धत आहे. माझी तक्रार त्या 'एक'पासूनच आहे. या सार्वजनिक ग्रंथालयात दुसरा टेपरेकॉर्डर कधी नव्हताच. खिडकीजवळच्या टेबलावर मी एकटाच बसून असतो, अंगावर प्लास्टिकचं आवरण घेऊन. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून ते आवरण घातलंय, आणि ते काढायचा त्रास नको म्हणून मला कोणी हात लावत नाही. याला इथे काळजी घेणं म्हणतात.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एकीने मोटार बसवली, दुसरीने रबरी पट्टा चढवला, तिसरीने झाकणावर टिचकी मारून "जा बाबा, नीट ऐक," म्हटलं. बनवणारी माणसं सावध होती. माझं ऐकायचं बटण एका बोटाने दाबता येतं, पण नवा आवाज भरायचा तर सोबत लाल बटणही दाबावं लागतं. म्हणजे जुनं पुसण्याआधी माणसाने दोन बोटांपुरता तरी विचार करावा. शिवाय कॅसेटच्या पाठीवर प्रत्येक बाजूसाठी प्लास्टिकची एक चिमुकली पट्टी असते. आवाज भरून झाला की ती मोडायची. ती मोडली की माझं लाल बटण खाली जातच नाही, मग दाबणारा कितीही मोठा माणूस असो. ही पट्टी लक्षात ठेवा, मित्रांनो. बाकी कोणी ठेवली नाही.

सुरुवातीची वर्षं माझी मजेत गेली. ग्रंथपाल बाई तेव्हा नव्या होत्या, त्यांच्या अंगात उत्साह होता आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत बसून मी गावातल्या जुन्या माणसांच्या घरी जायचो. पूल बांधणारा गवंडी, अर्ध्या गावाचा जन्म पाहिलेली सुईण, बदलीला कंटाळून इथेच राहिलेला पोस्टमन अशा सगळ्यांनी माझ्यासमोर तोंड उघडलं. सुईण तर एकदा सुरू झाली ती थांबेचना. लोक मला 'गावाचा कान' म्हणू लागले. मी फुगलो नाही, कारण माझं शरीर पत्र्याचं आहे; पण बरं वाटलं.

त्या आवाजांतला एक मी विसरू शकत नाही. सूतगिरणीचा भोंगा वाजवणारे म्हातारे, सगळं गाव त्यांना भोंगेकाका म्हणायचं. उभा जन्म भोंग्याशेजारी गेल्यामुळे ते कानात सांगायची गोष्टही ओरडून सांगत. माझी आवाज मोजणारी सुई पार टोकाला जाऊन आपटायची.

गिरणीला आग लागली त्या दुपारची हकिकत त्यांनी सांगितली. भोंगा वाजलाच नव्हता. आत अडकलेले दोन कामगार परत आले नाहीत. गावाने तेव्हाच ठरवून टाकलं की भोंगेवाला झोपला होता. काका मात्र म्हणाले, "झोपलो होतो? मी साखळीला लोंबकळत होतो! वरून नुसतं फुस्स. भोंग्यात वाफच नाही. वाफेचा कॉक बंद. का? तर मॅनेजरसाहेबांचा बंगला मागेच. दुपारी त्यांची झोपमोड होते म्हणून. त्यांनी बंद करायला लावला आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही." मग त्यांनी हातोडा घेतला आणि वाटेतले लोखंडी खांब बडवत ते गल्लीगल्लीतून धावले. त्या दुपारी कोणीतरी झोपलं होतं हे खरं, फक्त गावाने माणूस चुकीचा पकडला.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं की. पण मी भोंगेवाला आणि ते साहेब. माझा आवाज मोठा असला तरी ऐकू त्यांचाच जायचा."

कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. पुढच्याच बैठकीत बाईंनी ग्रंथालयाच्या समितीला विचारलं, "सगळ्या कॅसेटींच्या पट्ट्या मोडून ठेवू ना?"

अध्यक्ष दचकले. "मोडून? अहो बाई, आपण जतन करायला बसलोय की तोडफोड करायला?"

"त्या मोडण्यासाठीच असतात, सर."

"आज पट्ट्या मोडाल, उद्या म्हणाल पुस्तकांची पानं फाडायची असतात!"

समिती मनमोकळी हसली. संग्रहातली कोणतीही वस्तू मोडू नये असा ठराव झाला, एकमताने. मी टेबलावर होतो. माझं मत कोणी विचारलं नाही.

भोंगेकाका पुढच्या वर्षी गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत 'स्थानिक इतिहास दालना'चं उद्घाटन ठरलं. दालन म्हणजे माझं टेबल आणि शेजारचं काचेचं कपाट. अध्यक्षांची इच्छा होती की त्यांचं भाषण पुढच्या पिढ्यांसाठी जपलं जावं. कोरी कॅसेट मात्र आणायची राहिली होती. बाई बाहेर खुर्च्या मांडून घेत होत्या. अध्यक्षांनी कपाटातली एक कॅसेट काढली.

"यावर काय आहे?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"काहीतरी भोंग्याचं आहे, सर."

"भोंगा तर कधीच बंद पडला!"

"हो सर."

"मग झालं तर."

आणि दोन बोटं खाली आली. पट्टी जागच्या जागी होती, ठरावाप्रमाणे धडधाकट. लाल बटण लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. मित्रांनो, यंत्राला ओरडता येत नाही. मला फक्त फिरता येतं, आणि मी फिरलो. भाषणाचा विषय होता 'आपल्या पूर्वजांचे आवाज जपू या'. ते एका बाजूत मावलं नाही, म्हणून अध्यक्षांनी मधे पाणी पिऊन कॅसेट उलटवली.

पुढे कपाटाला कुलूप लागलं, किल्ली अध्यक्षांच्या घरी गेली आणि माझ्या अंगावर आवरण आलं. अशी बरीच वर्षं गेली.

मग अध्यक्षांनी गावाच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलं. छापण्याआधी त्याची प्रत ग्रंथालयात लोकांना पाहायला ठेवली. एके सकाळी भोंगेकाकांची मुलगी आली. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती. गिरणीच्या आगीचं पान वाचून ती उठली आणि सरळ बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, यात लिहिलंय माझे बाबा झोपले होते म्हणून."

"वाचलं मी," बाई म्हणाल्या. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. "पण घाबरू नकोस. काकांनी सगळं सांगून ठेवलंय. तू पण होतीस की तेव्हा."

अध्यक्षांना किल्लीसकट बोलावून घेतलं. ते आले, हसतमुखाने. "पुरावा असेल तर मी लगेच बदलतो. इतिहासात भावनेला जागा नसते."

माझं आवरण निघालं. कॅसेट आत बसली. किती वर्षांनी कोणी बटण दाबत होतं, पण मला आनंद होईना, कारण आत काय आहे ते मला ठाऊक होतं.

"सन्माननीय व्यासपीठ," मी म्हणालो, अध्यक्षांच्या आवाजात, "आणि जमलेल्या रसिकहो..."

बाईंचा चेहरा पडला. मुलगी म्हणाली, "चुकीची लागली वाटतं." बाईंनी वेष्टनावरचं स्वतःचं अक्षर पुन्हा वाचलं. चुकीची नव्हती. त्यांनी बाजू बदलली. तिथेही अध्यक्षच होते आणि पूर्वजांचे आवाज जपायला सांगत होते. खरे अध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले.

मुलगी बसून राहिली. सगळं भाषण तिने ऐकलं, टाळ्यांसकट. टाळ्या संपल्या, पण फीत अजून थोडी उरली होती; माझ्यातून खट्ट आवाज आला, आणि मागून, खोलवरून, ओरडून बोलणारा एक म्हातारा उगवला.

"...असं झालं होतं बघा सगळं. आता तुमच्या पेटीत राहिलं, बरं झालं. मला पुन्हा पुन्हा सांगायला नको."

मग लांबून एका तरुण मुलीचा आवाज आला, "बाबा, हळू बोला, शेजारी ऐकतील!"

"ऐकू देत की!"

बस्स. पुढे नुसती खरखर.

मुलीने डोळे पुसले नाहीत. ती अध्यक्षांना म्हणाली, "तुमच्याच आवाजाने माझ्या बाबांचं तोंड बंद केलंत आणि वर माझ्याकडेच पुरावा मागताय?"

"अनवधानाने झालं ते," अध्यक्ष म्हणाले. "मी एक करतो. 'झोपला होता'च्या पुढे 'असे म्हणतात' घालतो."

आणि त्यांनी खरंच घातलं. पुस्तक तसंच छापलं गेलं. माझ्या शेजारच्या कपाटात त्याच्या भरपूर प्रती आहेत.

त्या दिवशी अध्यक्ष गेल्यावर मुलीने विचारलं, "बाई, हे यंत्र अजून आवाज घेतं का?"

"घेतं की."

संध्याकाळी ती कोरी कॅसेट घेऊन परत आली. माझ्यासमोर बसून तिने सांगितलं, साखळी, फुस्स, वाफेचा कॉक, साहेबांची झोप, हातोडा, सगळं. तिला बापासारखं ओरडता येत नाही. मधे मधे ती अडखळली, एकदा म्हणाली, "हे मी पाहिलेलं नाही, बाबांकडून ऐकलंय," आणि पुढे गेली. पहिला आवाज गेला तो गेलाच. मी त्याचा शब्द न् शब्द ऐकलाय, पण कॅसेटवर जे नाही ते मला बोलता येत नाही.

संपल्यावर बाईंनी कॅसेट बाहेर काढली. टेबलावरचा पेचकस घेतला आणि समितीला न विचारता दोन्ही पट्ट्या मोडल्या. कट, कट. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेली ही एकमेव तोडफोड.

पुस्तकाच्या प्रती ठेवायला कपाट उघडलं तेव्हा बाईंनी ती कॅसेटही आत ठेवली, मित्रांनो. पुसली जाणार नाही. पण कपाटाला कुलूप आहे, किल्ली अजून अध्यक्षांकडेच आहे, आणि आजवर ती ऐकायला कोणीही मागितलेली नाही. माझा रबरी पट्टा सैल होत चाललाय. आणखी काही वर्षांनी बाईमाणसाचा आवाजही माझ्यातून म्हाताऱ्यासारखा जाड येईल. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे: तुमच्या गावच्या ग्रंथालयात जा आणि असं काही असेल तर मागा. किल्ली नाही म्हणाले तर बसून राहा. उद्या या म्हणाले तर उद्या या. आणि माझ्यासारखं कोणी सापडलं, तर आधी आवरण काढा.