फिन्लेचा होकार

अठरा वर्षं झाली, डोलिना रुअरीशी कामापुरतंच बोलत होती. मेंढरू चुकून त्याच्या आवारात शिरलं तर तेवढी चौकशी, रविवारी देवळाच्या दारात गाठ पडली तर वाऱ्यापावसाची दोन वाक्यं. तो मात्र दर उन्हाळ्यात चुलीत जाळायला दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या विटा तिच्या दाराशी रचून जायचा. ती खिडकीतून मान हलवायची. स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर घरं इतकी विरळ, की अबोला धरायचा तर शेजारीसुद्धा जपून निवडावा लागतो. आणि डोलिनाच्या खिडकीतून समुद्र सोडला तर दिसायचं ते रुअरीचंच धुराडं.

सगळं एका थट्टेपायी झालं होतं.

डोलिनाचा नवरा फिन्ले विणकर. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये पायाने चालवायचा लोखंडी माग, आणि मागाच्या डोक्यावर फळीवर रेडिओ. लंडनच्या संसदेतलं बोलणं रेडिओवर ऐकू यायला लागलं तेव्हापासून फिन्लेचा माग त्या गलक्याच्या तालावर चालायचा. सभापती ओरडला की धोटा थांबायचा, कुणी मंत्री अडखळला की फणीचे दोन ठोके जास्तीचे पडायचे. डोलिना म्हणायची, त्या कापडाचा कोट कुणी शिवला तर तो कोट आपोआप भांडायला उठेल.

फिन्लेला एकच ध्यास होता. पावणेतीनशे वर्षांमागे एडिंबरोची संसद दिवे मालवून लंडनच्या संसदेत विरून गेली, ती परत यावी. एकदम वेगळं राज्य हवं असं तो म्हणायचा नाही. निदान आपल्या शाळा, आपली इस्पितळं, आपली कुरणं यांची बोलणी आपल्या मातीत व्हावीत.

“घर एकच राहू दे,” तो म्हणायचा. “चूल आपली हवी.”

आणि संध्याकाळी शेडच्या उंबऱ्यावर बसलेला रुअरी ठरलेलं उत्तर द्यायचा. “चूल पेटणार एडिंबरोत, धूर येणार आपल्या डोळ्यांत. लंडनची सासू लांब आहे म्हणून गोड. एडिंबरोची जाऊ रोज दारात येऊन भांडी मोजेल.”

रुअरी मासेमारीतला माणूस, फिन्लेच्या बरोबरीचा. दोघं एका बाकावर शिकले, एकाच वर्षी मिशा फुटल्या, आणि त्यानंतर कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकमत झालं नाही. डोलिना चहा घेऊन गेली की दोघंही तिच्याकडे न्याय मागायचे. ती म्हणायची, तुमची ती सभा माझं छप्पर गळायचं थांबवणार असेल तर माझा होकार, नाहीतर कप रिकामे करा.

लंडनच्या त्या संसदेतली फिन्लेला मनापासून आवडणारी गोष्ट एकच होती, आणि ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती. तिथे एका बाजूचा सभासद आजारी पडला, किंवा घरच्या मयताला गेला, तर समोरच्या बाजूचा एकजण आपण होऊन मतदानाला उठत नाही. त्याला ते जोडी म्हणतात. एकाची गैरहजेरी दुसऱ्याने भरून काढायची. सही नाही, शिक्का नाही, शत्रूने शत्रूला दिलेला नुसता शब्द.

ही रीत फिन्लेने गावच्या कुरणाच्या बैठकीत आणली होती. रुअरीची आई गेली त्या आठवड्यात नवा मेंढा घ्यायचा का यावर हात वर करायचे होते. मेंढा फिन्लेला हवा होता. पण रुअरी बैठकीला आलेला नाही हे बघून फिन्लेही हात खाली ठेवून बसला, आणि मेंढा एका मताने हुकला. पुढे फिन्ले इस्पितळात होता तेव्हा रुअरीनेही तेच केलं, आणि त्याला नको असलेलं कुंपण गावाने घातलं. कुंपणाशेजारून जाताना तो अजून त्याला शिव्या घालायचा, पण फिन्लेला कधी घातल्या नाहीत.

मग एकोणऐंशी साल उजाडलं. एडिंबरोत आपली सभा हवी की नको, असा कौल सगळ्या स्कॉटलंडला मार्चच्या पहिल्या तारखेला विचारला जाणार होता. फिन्लेच्या छातीत जानेवारीतच कफ भरला. बर्फाने रस्ते बंद, डॉक्टर यायला उशीर झाला. शेवटच्या दिवसांत त्याने डोलिनाचा हात धरून दुसरं काही मागितलं नाही. “तेवढं मत टाकून जाऊ दे गं मला,” एवढंच म्हणत राहिला, जणू मरण म्हणजे सुटायला टेकलेली बोट होती आणि ती डोलिनाच्या शब्दावर थोडी थांबणार होती.

बोट थांबली नाही. गावातल्या पुरुषांनी आळीपाळीने खांदा देत त्याला वाळूच्या स्मशानापर्यंत चालत नेलं. बायका रीतीप्रमाणे रस्त्याच्या वळणावर थांबल्या. डोलिनाला शेवटचं दिसलं ते पुढच्या खांद्यावर वाकलेलं रुअरीचं डोकं. त्याच्यानंतर दुसऱ्याची पाळी आली, पण तो खांदा सोडायला तयार नव्हता.

मतदानाच्या दिवशी काळ्या कपड्यांत ती शाळेत गेली. टेबलाशी केटी-मेरी होती, नात्यातलीच. यादी आदल्या वर्षी तयार झालेली. डोलिनाच्या वरच फिन्लेचं नाव जिवंत माणसासारखं बसलेलं. डोलिनाने हळूच विचारलं, त्याचं मत मी टाकलं तर चालेल का, त्याच्या मनात काय होतं ते अख्ख्या बेटाला ठाऊक आहे. केटी-मेरीने डोळे पुसले आणि सांगितलं, ज्याचं त्यानेच टाकावं लागतं. डोलिनाने स्वतःचा होकार दिला, आयुष्यात पहिल्यांदा छपराचा विचार न करता.

निकाल आला. झालेल्या मतांत होकार जास्त होते. तरी सभा मिळाली नाही. कारण लंडनच्या संसदेने कायद्यात एक पाचर मारून ठेवली होती: होकार जास्त असून भागणार नाही, यादीतल्या शंभर नावांमागे चाळीस होकार हवेत. म्हणजे जो घरी बसला तो नकारात. जो आजारी पडला तो नकारात. आणि ज्याचं नाव यादीत राहून तो मातीत गेला, तोही.

डोलिना मागाच्या फळीवरच्या रेडिओसमोर उभी होती. तिला सभेचं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते फिन्लेचं. जन्मभर ‘हो’ म्हणत आलेल्या माणसाच्या तोंडात मेल्यावर ‘नाही’ घातलं.

ती बस पकडून टार्बर्ट या बंदरगावातल्या सरकारी कचेरीत गेली. तिथला तरुण कारकून भला होता, त्याने तिला खुर्ची दिली. म्हणाला, मेलेल्या माणसांचा सरकारने अंदाज बांधून तेवढा आकडा वजा केला आहे, मनाला लावून घेऊ नका.

“त्या अंदाजात माझा फिन्ले आहे का?” तिने विचारलं.

त्याने समोरचा कागद उलटून पाहिला. “अंदाजाला नावं नसतात, बाई.”

त्यानंतर आलेल्या मे महिन्यात दलदलीवर पीट कापायला सगळं गाव जमलं होतं. डोलिना चहाची किटली घेऊन रुअरीपाशी आली. रुअरीने फावडं रोवलं, घाम पुसला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “शेवटी फिन्ले आणि मी एका बाजूला आलो म्हणायचं.”

डोलिनाने किटली तिथेच ओल्या मातीत ठेवली आणि घरी निघून आली.

तेव्हापासून हे असं. दिवसा ती अंगणात काम करायची, आणि लहानपणी आईबरोबर ओलं लोकरी कापड फळीवर आपटताना बायका म्हणायच्या ती गाणी ओठांवर यायची. त्यातलं एक कडवं तर पुन्हापुन्हा:

लाटे गं लाटे, किती येशी किती जाशी,
माझ्या नाखव्याचा शब्द कधी गं आणशी.

सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरात तोच कौल पुन्हा आला. या वेळी पाचर नव्हती. ज्या बाजूला मतं जास्त ती बाजू जिंकणार, इतकं सरळ. डोलिनाचे गुडघे गेले होते. शाळेपर्यंत नेण्यासाठी कुणाची तरी गाडी पाठवते असं केटी-मेरी म्हणाली होती. दाराशी येऊन उभी राहिली ती रुअरीची, माशांच्या वासाची जुनी व्हॅन.

तो टोपी हातात घेऊन उभा होता. पाठीला बाक आला होता. “चल, घरधनीण,” तो म्हणाला. “तुझा होकार माझ्या गाडीतून नेतो. लोक हसतील, हसू दे.”

नाही म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण पुढे चार मैलांचा रस्ता होता. ती चढून बसली. वाटेत दोघं एका मेंढीबद्दल बोलले, ते बोलणं पुलापाशी संपलं. शाळेच्या फाटकाशी रुअरीने इंजिन बंद केलं आणि हात चाकावरच ठेवले.

“उतरत नाहीस?”

“नाही. तू जाऊन ये.”

“जन्मभर नको नको म्हणत आलास, आणि आज गाडीत बसणार?”

रुअरी समोरच्या काचेकडे बघत होता. काचेवर खारट पाण्याचे ओघळ वाळले होते. “मागच्या वेळीही नव्हतो उतरलो,” तो म्हणाला.

तिला कळलं नाही.

“मागच्या वेळी मी मत टाकलं नाही, डोलिना. फिन्ले गैरहजर होता. मग मी कसा जाणार? जोडी म्हणजे जोडी.” त्याने टोपी पुढे ओढली. “दिवसभर होडीला डांबर लावत बसलो. वाटलं, हिशेब बरोबर झाला, त्याचं एक गेलं, माझं एक गेलं. त्या चाळीसाच्या भानगडीबद्दल ऐकलेलं होतं मी, पण डोक्यातच आलं नाही. निकाल लागला तेव्हा लक्षात आलं. घरी बसलेला माणूसही नकारातच धरला. त्याच्यासाठी म्हणून थांबलो, आणि त्याच्याच विरुद्ध मोजला गेलो.”

वाऱ्याने व्हॅन हलत होती. फाटकातून दोन बायका बाहेर आल्या, हात हलवून गेल्या.

“तेच मी तुला दलदलीवर सांगायला बघत होतो,” रुअरी म्हणाला. “माझ्या तोंडून सरळ काही निघत नाही, तुला माहीत आहे. थट्टा निघाली.”

अठरा वर्षं दाराशी रचलेल्या पीटच्या विटा डोलिनाच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि पुढच्या खांद्यावरचं ते वाकलेलं डोकं.

“या वेळी घरी बसणं म्हणजे नुसतं घरी बसणं,” तो म्हणाला. “या वेळी तरी जोडी नीट होईल. जा तू.”

ती काठी टेकत आत गेली. टेबलावर यादी होती. डोलिनाच्या वरची ओळ आता दुसऱ्या कुणाची होती. केटी-मेरीने तिला दोन कागद दिले. एक, एडिंबरोत संसद हवी का. दुसरा, त्या संसदेला कर कमीजास्त करायचा थोडा अधिकार हवा का. केटी-मेरी समजावून सांगत होती, पण डोलिना त्या दोन कागदांकडे नुसती बघत राहिली. अठरा वर्षांपूर्वी याच टेबलाशी तिने एक कागद जास्तीचा मागितला होता.

पडद्याआड दोऱ्याला बांधलेली पेन्सिल होती. पहिला कागद तिने फिन्लेसाठी घेतला. त्याची फुली जरा तिरकी असायची, तशीच तिरकी होकारापुढे काढली. मग पेन्सिल क्षणभर थांबली, आणि दुसरा कागद तिने आपला म्हणून घेतला. चूल मांडायची सुनेने आणि पैशांचा डबा ठेवायचा सासूकडे, हे कुठल्या बाईला पटेल? तिनेही होकारापुढेच फुली मारली, सरळ, टापटीप.

बाहेर आली तेव्हा रुअरी तसाच बसला होता. तिने त्याच्या बाजूचं दार उघडलं.

“ऊठ. जा आत.”

“सांगितलं ना तुला.”

“फिन्ले हजर आहे,” ती म्हणाली. “आत्ताच मत टाकून आला. तू गैरहजर राहून तो जिंकला तर त्याला त्यात चव वाटेल का रे? तुझा नकार टाकून ये.”

रुअरी खाली उतरला, टोपी सरळ केली, आणि कुणी तरी वाट बघत असल्यासारखा भरभर शाळेकडे गेला. डोलिना व्हॅनमध्ये बसली. समोर खाडीचं पाणी भरत होतं. तिच्या ओठांवर गाणं आलं, पण कडवं म्हणायची गरज वाटली नाही.

तो परत आला. काय टाकलंस ते तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. गाडी पुलापाशी आली.

“जिंकणार यंदा तो,” रुअरी म्हणाला.

“जिंकणार.”

“मिरवला असता मेला. महिनाभर शेडकडे फिरकू दिलं नसतं.” त्याने गाडीचा वेग कमी केला. तिच्या घरामागची पत्र्याची शेड दिसायला लागली होती. “आता भांडू कुणाशी मी?”

डोलिनाने हातातली काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. फिन्ले बोलण्याआधी हनुवटी जशी वर करायचा, तशी तिची हनुवटी वर झाली.

“घर एकच राहू दे,” ती म्हणाली. “चूल आपली हवी.”

गाडी दाराशी थांबली. रुअरीने इंजिन बंद केलं. मग त्याने ते जुनं, ठरलेलं उत्तर दिलं.

“धूर येईल डोळ्यांत.”

“आलाच आहे,” डोलिना म्हणाली. “चहा टाकते. शेडमध्ये बस.”