पहिल्या फेरीचा माणूस

रोलर कोस्टरमध्ये नेहमी शेवटच्या डब्यात बसायचं, असं चंदरचं ठाम मत होतं. पुढच्या डब्यातल्याला उतार दिसतो, मागच्याला उतार ओढून नेतो. "दिसतं ते भय नाय, महाराज. ओढून नेतं ते भय," तो म्हणायचा. हे तो अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात, प्रेस मशिनच्या धडाक्यावर आवाज चढवून सांगायचा, आणि तोवर त्याने खरा रोलर कोस्टर डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता.

पाहिलं होतं ते चित्र. उल्हासनगरला एका रद्दीवाल्याकडे त्याला कुठल्याशा परदेशी मासिकाचं पान मिळालं होतं. लाकडी खांबांचा डोंगर, त्यावरून रूळ, रुळावर हात वर करून ओरडणारी गोरी माणसं. आमच्या लॉकरच्या दारांना आतून देव लावलेले असत. माझ्या दाराला विठोबा, जयदेवच्या दाराला बाबासाहेब, आणि चंदरच्या दाराला तो डोंगर. डबा खाताना तो लॉकर उघडा ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसायचा.

बाकी त्याचा अनुभव सगळा जत्रांचा. पण मतं कशी, तर वर्तमानपत्रात छापावीत अशी. दिवाळीच्या प्रदर्शनात येणाऱ्या ड्रॅगन ट्रेनबद्दल म्हणायचा, "जिच्यात बसून वडापाव खाता येतो ती राइड नाय, बाकडं हाय." गरगर फिरणाऱ्या टोराटोरावर त्याचा राग होता. "चक्कर तर रिकाम्या पोटी पण येते. त्याला तिकीट कशाला?" झुलत्या जहाजाला तो थोडा मान द्यायचा, पण गेल्या वाटेनंच परत येतं म्हणून त्यात गोष्ट नाही म्हणायचा. आणि घसरगुंड्या तर त्याला मुळीच मान्य नव्हत्या. "एकीकडनं चढवायचं नि तिसरीकडं आपटायचं? राइड म्हणजे जिथं बसवलं तिथंच आणून उतरवलं पायजे. नायतर ते माणूस फेकणं झालं."

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराला जत्रा भरते. तिथे मधु पाळणेवाल्याचा मोठा पाळणा लागायचा. लागला की चंदर कामावरून सुटल्यावर थेट तिकडे. खाली वाकून पायाचे बोल्ट एकेक करून हाताने चाचपायचा, कान लावून खांब ठोकायचा. मधुला त्याचा राग नव्हता. उलट जत्रेच्या पहिल्या दिवशी तो ओरडायचा, "थांबा रे सगळे! पहिली फेरी सोनिवलीच्या चंदरशेठची!" आणि चंदर एकटा, रिकाम्या पाळण्यात, छाती काढून वर जायचा. उतरला की मान हलवायचा. मग लोक बसायचे.

आम्ही हसायचो. मी तर जास्तच. मला कीर्तनाचं वेड, त्यामुळे पोरांनी माझं नाव महाराज ठेवलं होतं. धोंडिबा म्हणून हाक मारणारी फक्त माझी आई. चंदर बोलायला लागला की मी म्हणायचो, "बास कर रे, कान किटले." तो बोलायचा थांबायचा नाही, पण माझ्याकडे बघायचं थांबायचा. प्रेसकडे बघून बोलत राहायचा.

सव्वीस जानेवारीला आमच्या कारखान्यात सत्यनारायण असायचा. आदल्या दिवशी मशिनं पुसून काढायची, त्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार. लेथ आणि प्रेसच्या मधल्या जागेत सतरंज्या घालायच्या आणि दुपारी बदलापूरच्या कमळाबाईंचं कीर्तन. काय गळा होता बाईंचा! पूर्वरंगात त्या हळूहळू, एकेक पायरी वर नेत, आणि उत्तररंगात असं काही सोडून देत की माणसाचं पोट हलावं. मध्यंतरात लेथवरचा भगवान थाळी घेऊन सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लावायचा. साहेब असो की झाडूवाला, एकच बोट, एकच डबी. मला वर्षभर पुरून उरायचं ते.

एका वर्षी डिसेंबरात मॅनेजर साहेबांनी चंदरला केबिनमध्ये बोलावलं. आम्हाला वाटलं, मेमो. तो तासाभराने बाहेर आला तो लग्न ठरल्यासारखा.

"चहा पाजला," तो म्हणाला. "बशीत बिस्किटं. आणि विचारतायत काय, तर चंदर, तुला राइडमधलं कळतं म्हणे? खाडीपलीकडं नवीन पार्क झालंय, त्यातला रोलर कोस्टर कसा असेल, सांग. मी सांगितलं महाराज. सगळं सांगितलं. मागच्या डब्याचं, उताराचं, बोल्टांचं. एकदा पण घड्याळाकडं बघितलं नाय त्यांनी."

"मग?"

"मग म्हणाले, कंपनी सगळ्यांना नेते. बायकापोरांसकट. बसगाड्या, तिकिटं, जेवण, सगळं कंपनीचं. तू फक्त पोरांना तयार कर."

दिवस कुठला, तर सव्वीस जानेवारी.

युनियनची मीटिंग कँटीनमध्ये झाली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, पूजा चुकवू नये, पिकनिक पुढच्या रविवारी न्या. तर जयदेव, आमचा सेक्रेटरी, उल्हासनगरचा, शांतपणे म्हणाला, "महाराज, वाईट वाटून घेऊ नका. पूजा तुमची, पिकनिक सगळ्यांची. आम्ही दरसाल ड्रिलिंग मशिनला टेकून उभे असतो. कमळाबाईंसाठी थांबतो, प्रसादासाठी नाही. एक वर्ष आपण सगळे एका गाडीत बसू या की."

तो खोटं बोलत नव्हता. आणि मग चंदर उठला. मशिनच्या धडाक्याशिवाय मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याने हातानेच चढ दाखवला, साखळीची टकटक तोंडाने केली, वरच्या टोकाला हात थांबवला, आणि थांबवूनच ठेवला. मग हात सोडला. पोरं ओरडली. सगळ्यांचे हात वर. माझासुद्धा, खरं सांगायचं तर. गोष्ट रंगवणाऱ्यापुढे मी नेहमीच विरघळतो.

जानेवारीच्या मध्यावर कुणी मेंटेनन्सची बाहेरची माणसं आली. संध्याकाळची पाळी सुटल्यावर ती मशिनांच्या बुडाशी काहीबाही करत असायची. ग्रीस घालतायत, साहेब म्हणाले. आम्ही कशाला बघतोय? सगळा कारखाना त्या दिवसांत कपडे कुठले घालायचे आणि पोरांना ओकारी होईल का, एवढंच बोलत होता.

सव्वीसला पहाटे गेटवर बसगाड्या लागल्या. साहेबांनी स्वतः पहिल्या गाडीपुढे नारळ फोडला. गेटवरचा वॉचमन शंकर हात हलवत उभा होता, त्यालाही साहेबांनी खांद्याला धरून गाडीत चढवलं. "वर्षभर गेटच राखतोस. एक दिवस तूही मजा कर रे. आज मी आहे ना इथे."

केवढं कौतुक वाटलं होतं आम्हाला त्याचं.

तो दिवस मी विसरलेलो नाही. खाडी ओलांडून लाँच गेली, आणि झाडांवरून तो डोंगर दिसला. लाकडी नव्हता, लोखंडी होता, निळा. चंदरची बायको जनी म्हणाली, "अगं बाई, ह्यासाठी मेला रात्री झोपेत हात वर करत व्हता?" सगळ्या बाया हसल्या. चंदरचं लक्षच नव्हतं. तो रांगेत पुढे गेला आणि कठड्यावरून वाकून खांबांचे बोल्ट बघायला लागला. तिथल्या गणवेशातल्या पोराने हटकलं, तर म्हणतो, "टाइट हायत. चालू द्या."

शेवटच्या डब्यात तो आणि मी. मी देवाचं नाव घेत होतो. गाडी टकटक करत चढायला लागली आणि मला एकदम कमळाबाईंची आठवण झाली. अशाच त्या वर नेतात, कुठे नेतायत ते माहीत असून माणूस बसून राहतो. वर पोचलो. पुढचे डबे उतारावर लोंबले. आमचा अजून सपाटीवरच होता. मग ओढलं. मी काय ओरडलो ते मला माहीत नाही. उलटे झालो, सुलटे झालो, आणि गाडी येऊन थांबली ती बरोबर चढलो त्याच फलाटावर.

चंदरचे डोळे भरले होते. "बरोबर होतं, महाराज," तो म्हणाला. "मागचाच डबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरांच्या उलट्यांच्या गोष्टी सांगत कामावर आलो, तर गेटला बाहेरून साखळी आणि कुलूप. पत्र्यावर टाइप केलेला कागद. कारखाना बंद. शंकर म्हणाला, हे कुलूप माझं नाही.

जयदेव शेडच्या मागच्या भिंतीवर चढला. वर गेला आणि हातानेच मला वर बोलावलं. मग मी चढलो. आत शेड रिकामी होती. लेथ नाहीत, प्रेस नाहीत, ड्रिलिंग मशिन नाही. जमिनीवर ट्रकच्या चाकांचे ओले डाग, आणि जिथे जिथे मशिन होतं तिथे काँक्रीटमधून वर आलेले चार चार बोल्ट. ग्रीस घातलेले, चकचकीत.

सुटीचा दिवस, आजूबाजूचे सगळे कारखाने बंद, आणि आमच्यातलं एकही माणूस गावात नाही. सत्यनारायण असता तर आम्ही सगळे त्याच मशिनांमध्ये मांडी घालून बसलेलो असतो. आमच्या अंगावरून मशिनं नेता आली असती का?

हे प्रत्येकाच्या मनात आलं. बोलला भगवान.

"का रे चंदर, पाळण्याचे बोल्ट कान लावून बघतोस. तुझ्या प्रेसचे दिसले नाहीत?"

चंदर भिंतीला टेकून उभा होता. "ग्रीस घालतायत म्हणाले."

"किती खाल्लंस रे साहेबाचं?"

"बिस्किटं," चंदर म्हणाला. त्याने खरं तेच सांगितलं होतं. पण तो शब्द पुढे महिनाभर त्याला चिकटला. बिस्किट आला. बिस्किट गेला. जयदेव एकदा म्हणाला, "हात सगळ्यांनी वर केले होते," तर त्यालाच चार शिव्या बसल्या. मग तोही गप्प झाला. केस उभी करायची, माणसं एकत्र ठेवायची, तर एका चंदरसाठी कोण भांडणार?

आम्ही गेटसमोर मांडव घालून बसलो. साहेबांचा पत्ता नव्हता, शेठ तर आम्ही कधी पाहिलाच नव्हता. राग काढायला समोर होता तो चंदर. रोज सोनिवलीहून यायचा आणि मांडवाच्या बाहेर, चपलांजवळ बसायचा.

माणसं खचायला लागली तेव्हा मी बदलापूरला जाऊन कमळाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "यंदाचं राहिलंय ना तुमचं? मग येते." पेटीवाल्याला घेऊन त्या आल्या, धुळीच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि गायल्या. ट्रक थांबले, ड्रायव्हर उतरून ऐकत राहिले. बऱ्याच दिवसांनी मला वाटलं, आपण अजून माणसं आहोत. जयदेव मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, नेहमीसारखा. चंदर चपलांजवळ, मान खाली.

मध्यंतरात भगवान बुक्क्याची थाळी घेऊन उठला. एकेकाला लावत लावत शेवटपर्यंत गेला. थांबलेल्या ड्रायव्हरांनाही लावला. चंदरने कपाळ वर केलं. भगवानने बोट डबीत घातलं, त्याच्याकडे बघितलं, आणि बोट धोतराला पुसून वळला.

मी उठलो. थाळी घेतली आणि चंदरपुढे गेलो. त्याने माझा हात धरला.

"नको, महाराज."

"देवाचा आहे रे. भगवानचा नाही."

"ठाव हाय." तो हळूच म्हणाला, कीर्तनात बोलू नये म्हणून. "इतकी वर्षं मी बोलत व्हतो. आख्ख्या जन्मात माझं नीट ऐकून घेतलं ते एकट्या त्या साहेबानं. त्याला काय करायचं व्हतं ते आता सगळ्यांना ठाव हाय. पण ऐकलं त्यानं. तुम्ही ऐकलंत कधी?"

मागे पेटी सुरू झाली. चंदरने चपला शोधल्या, पायात घातल्या आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो गेटवर आला नाही.

महाशिवरात्रीला मी देवाला गेलो. दर्शन घेऊन बाहेर आलो, तर मधुचा पाळणा लागलेला. लिव्हरपाशी, हाताला काळं लागलेला, चंदर.

"मधुकडं लागलो," त्याने विचारायच्या आधीच सांगितलं. "जत्रा उठली की ह्यांच्याबरोबर पुढं जाणार."

"आणि जनी?"

"सोनिवलीत राहील. तिथं पण बिस्किटवालीच म्हणतात तिला, पण घर तरी हाय."

"पहिली फेरी घेतलीस?"

"मी बसत नाय आता."

मी तिकीट काढलं. त्याने मला पाळण्यात बसवलं, आडवी कांब लावली, ओढून बघितली, जसं कुणाचंही बघावं तसं. पाळणा वर गेला. मंदिराचा कळस खाली राहिला, आणि पलीकडे कारखान्यांचे पत्रे. त्यातला आमचा कुठला ते मला वरून ओळखू आलं नाही. खाली मात्र चंदर दिसत होता. तो वर बघतच नव्हता.

पाळणा थांबला. त्याने कांब काढली. मी उतरलो, पण तिथून हललो नाही. मागे लोक ढकलत होते.

"चंदर, सांग ना," मी म्हणालो. "कसा आहे पाळणा? मी उभा आहे, ऐकतो. सगळं सांग."

त्याने माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता बोलेल. त्याने फडक्याला हात पुसले.

"पाळणा हाय," तो म्हणाला. "फिरतो." आणि मला बाजूला करून पुढच्या माणसाला आत घेतलं.