अंड्यांपासून गल्ल्यापर्यंत

मी एक जुनी हिरवी बास्केट आहे. स्वस्त मालाच्या एका सुपरमार्केटमध्ये माझं सारं आयुष्य गेलं. मित्रांनो, आजवर किती हातांनी मला उचललं याची मोजदाद नाही. पण ज्या दोघांची गोष्ट मी सांगणार आहे, त्यांनी मला बरीच वर्षं साधं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

एका कारखान्यात वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात शिरलं आणि माझा जन्म झाला. मग बहिणींबरोबर एकीत एक बसून मी ट्रकने या दुकानात आले. दुकान स्वस्त, म्हणून थाटमाट काही नव्हता. माल ज्या खोक्यांतून यायचा त्याच खोक्यांत, वरची झाकणं फाडून, फळ्यांवर मांडलेला असायचा. आम्हाला दाराशी फिरत्या फाटकाच्या अलीकडे रचून ठेवत. त्या फाटकातून माणूस एकदा आत गेलं की मागे फिरायची सोय नव्हती. ज्याने बास्केट घेतली नाही, त्याने पुढे आपलं आपण निस्तरायचं.

माझी सुरुवातीची वर्षं मजेत गेली. तेल सांडलं तर मला साबणाने घासत, उन्हात वाळवत. पण पुष्कळ माणसं "दोनच तर वस्तू घ्यायच्यात" असं म्हणून आम्हाला डावलून जात. दोनच वस्तू घेऊन बाहेर पडलेलं माणूस मला अजून बघायचं आहे. काखेत साबण, बोटांत पिशव्या, दातात पावाच्या पुडक्याचं टोक, अशी त्यांची वरात गल्ल्याशी पोहोचली की मला हसू यायचं आणि रागही यायचा.

त्यातलंच एक जोडपं होतं. दुकानातली सगळी माणसं त्यांना काका-काकू म्हणत. काका उंच, बोलघेवडे. त्यांचा उजवा बूट चालताना चुईं चुईं वाजायचा, त्यामुळे ते दिसण्याआधीच आल्याचं कळायचं. काकू ठेंगण्या आणि शिस्तीच्या. फाटकाशी आले की काका दर वेळी विचारत, "बास्केट घेऊ का गं?"

"कशाला? तुम्ही आहात की," काकू म्हणत.

"बरोबर आहे. मी बास्केटपेक्षा स्वस्त पडतो," असं म्हणून काका दोन्ही हात पुढे करत. काकू त्यांच्या हातांवर सामान रचत जात. तळाला साखर आणि तांदूळ, त्यावर डाळी, मग साबण, मग पाव. हा माणूस माझ्या पोटावर पाय देतोय असं मला वाटायचं. मी त्याच्यावर जळायचे, खरं सांगते.

पुढे एका गिऱ्हाइकाने मला नको तेवढं भरलं आणि माझा एक दांडा तुटला. आता ही कचऱ्यात जाणार असं मला वाटलं. पण दुकानात माल लावणाऱ्या बाईंनी मला अंड्यांच्या फळीखाली नेऊन ठेवलं. चेमटलेली खोकी माझ्यात टाकायची, एवढंच काम उरलं. शेजारी दुधाचं थंड कपाट दिवसभर घुमायचं. तिथे मला फार एकटं वाटायचं. मात्र तिथूनच मला काका-काकू अगदी जवळून दिसू लागले.

अंडी नेहमी शेवटी घेतली जायची. काकू अंड्यांचं खोकं काकांच्या हातांतल्या ढिगावर सगळ्यात वर ठेवत आणि काका ते हनुवटीने दाबून धरत. तिथे त्यांची बोलती बंद व्हायची. तोंड उघडलं तर अंडी खाली.

"आता बोला," काकू म्हणत.

काका नुसते डोळे मिचकावत. मग तिथून गल्ल्यापर्यंत काकू मनात साठवलेलं सगळं बोलून घेत. काकांचा खोकला, लेकीशी त्यांनी धरलेला अबोला, घरातला गळका नळ. काकांना चकार शब्द काढता येत नसे. ती वाट तेवढी काकूंची होती.

एके दिवशी काकांचे हात थरथरताना मी पाहिले. काकूंनीही पाहिले. त्या दिवशी अंडी वर ठेवून त्यांनी तक्रार काही केली नाही. हळूच म्हणाल्या, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ या हं." काकांनी डोळ्यांनीच हो म्हटलं.

त्यानंतर खूप दिवस तो बूट वाजला नाही.

मग काकू एकट्या आल्या. त्यांनी बास्केट घेतली नव्हती. स्वतःच्याच हातांवर त्यांनी सामान रचलं होतं, तळाला साखर आणि वर पाव, अगदी पूर्वीसारखं. अंड्यांपाशी येऊन त्यांनी कसाबसा एक हात सोडवला, खोकं उचललं आणि सवयीने म्हणाल्या, "हनुवटी वर करा." समोर कुणी नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी खोकं आपल्याच हनुवटीखाली धरलं आणि गुपचूप गल्ल्याकडे चालू लागल्या.

आणि त्यांच्यामागून चुईं चुईं आवाज गेला.

मला वाटलं, थंड कपाटाचं यंत्र बिघडलं असेल. पण कपाट माझ्या शेजारी उभं होतं आणि आवाज माझ्यापासून दूर दूर जात होता. मी प्लॅस्टिकची, माझ्या अंगावर काटा येणार कुठून? तरी माझ्या तुटलेल्या दांड्याच्या जागी काहीतरी गार झोंबलं.

काकू दर आठवड्याला येऊ लागल्या. दर वेळी हात भरलेले, हनुवटीखाली अंडी, ओठ मिटलेले. दर वेळी मागून तो आवाज. पण काकूंचे हात लहान, आणि वयही झालेलं. एकदा मधाची बरणी निसटून फुटली. एकदा तांदळाची पिशवी फुटली आणि त्या घसरता घसरता वाचल्या. दुकानाच्या मॅनेजरने त्यांच्या लेकीला फोन केला. तो भला माणूस होता, त्याला काळजी वाटली होती.

पुढच्या वेळी लेक बरोबर आली. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती.

"आई, पुढच्या आठवड्यापासून सामान घरी मागवायचं. तू पडलीस, मोडून घेतलंस काही, तर मी काय करू?"

"बरं," काकू म्हणाल्या. "आजचा दिवस माझं मला घेऊ दे."

मित्रांनो, ते ऐकून मला भडभडून आलं. या वाटेवरून काकू पुन्हा येणार नव्हत्या. मग त्यांच्यामागून येणाऱ्याने कुठे जायचं?

अंड्यांपाशी येईपर्यंत काकूंचे हात गच्च भरले होते. हनुवटीखाली खोकं घेताना वरचा पाव घसरला. लेकीने तो वरच्यावर झेलला आणि तिची नजर माझ्यावर पडली. "अगं, ही बास्केट आहे ना इथे," म्हणत तिने माझ्यातली फाटकी खोकी काढली, मला रुमालाने पुसलं आणि काकूंच्या हातातलं सगळं सामान एकेक करून माझ्यात ठेवलं. साखर, तांदूळ, डाळी. अंडीसुद्धा. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं.

पण मला जराही आनंद झाला नाही. काकूंचे हात रिकामे झाले आणि तसेच कोपरात वाकलेले राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं. गर्दीत कुणाचा हात सुटल्यावर माणूस पाहतं, तसं.

"काय झालं, आई?"

"थांबले गं."

"कोण थांबलं?"

काकूंनी माझ्यातल्या अंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इथून गल्ल्यापर्यंत ते कधीच बोलायचे नाहीत. अंडी असायची ना हनुवटीखाली. मीच बोलायची. घरी फार जाणवतं गं ते बोलत नाहीत म्हणून. इथे नाही जाणवत. इथे ते गप्पच असायचे. आता अंडी मी धरते आणि गप्प बसते. म्हटलं, आता त्यांची पाळी."

"काय म्हणतात बाबा?" लेकीने हळूच विचारलं.

"काही नाही. बूट वाजतो."

लेक खाली बसली. मला वाटलं ती आता मला उचलणार. पण तिने माझ्यातलं सामान काढून फळीवर ठेवलं, उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.

"तळाला काय ठेवतेस?"

"साखर," काकू म्हणाल्या.

काकूंनी सगळं शिस्तीत रचलं. शेवटी अंडी ठेवली. लेक उंचीला वडिलांवर गेलेली, तिची हनुवटी बरोबर खोक्यावर टेकली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण बोलता येईना. डोळ्यांतून पाणी मात्र आलं आणि तेही पुसता येईना.

"आता बोल," काकू म्हणाल्या आणि किती दिवसांनी हसल्या. मग चालता चालता त्या बोलू लागल्या. गळका नळ अजून तसाच आहे. तुझ्याशी अबोला धरला ना, तेव्हा रात्र रात्र झोपायचे नाहीत. मी फळीखालून ऐकत राहिले. दोघींची पावलं दूर गेली.

त्यांच्यामागून बूट मात्र गेला नाही. तो माझ्यापाशी येऊन थांबला. मी रिकामी होते. तरी कुणीतरी फार वेळ उचलून धरलेलं ओझं अलगद उतरवावं, तसं काहीतरी माझ्यात आलं. आधी तळाला जड, मग त्यावर हलकं, अगदी शिस्तीत. माझा धड राहिलेला दांडा किंचित हलला. त्यानंतर तो आवाज मी कधी ऐकला नाही.

मायलेकी अजूनही दर आठवड्याला येतात. लेक फाटकाशी म्हणते, "दोनच वस्तू घ्यायच्यात," आणि हात पुढे करते. मी अंड्यांच्या फळीखालीच आहे. फरशी पुसताना माल लावणाऱ्या बाई मला उचलतात आणि दर वेळी पुटपुटतात, "रिकामी आहे, मग एवढी जड कशी?"

मित्रांनो, हात भरून अडखळत चालणारं कुणी दुकानात दिसलं, तर बास्केट जरूर पुढे करा. पण त्यांनी नको म्हटलं तर त्यांच्या हातातलं ओढून घेऊ नका, आपले हात पुढे करा. आणि अंड्यांच्या फळीखाली एका दांड्याची हिरवी बास्केट दिसली, तर तिच्यात काही टाकू नका. ती भरलेली आहे.