बरगडीतला पाहुणा

संपतराव नोएडाच्या नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. समोरच्या फ्लॅटला अजून पाटीसुद्धा लागली नव्हती. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर दिल्लीच्या मराठी मंडळात रामनवमीचं कीर्तन त्यांचंच असे. नारदाची गादी ती, तिथं उभं राहूनच बोलायचं. आणि नेमका उजवा पायच दगा देऊ लागला होता. जरा उभं राहिलं की कमरेपासून टाचेपर्यंत मुंग्या, आणि मग पाय आपला नव्हेच!

डॉक्टर देवयानी मंडळातलीच. म्हणाली, "काका, नुसतं हाड बघायचं तर सीटी पुरे. पण नस कुठे दबतेय ते एमआरआयमध्ये नीट दिसतं. ते यंत्र म्हणजे मोठा लोहचुंबक. अंगात धातूचं काही नाही ना?"

"छे गं. अंगात फक्त रामराय."

"त्यांना चुंबक ओढत नाही," ती हसली.

माघातल्या थंडीत संपतराव तपासणीला गेले. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "घडी, चाबी, सब निकालिए बाबूजी." त्यांनी घड्याळ काढलं, खिशातली झांजही काढून दिली.

"साथ में कौन है?"

संपतरावांनी सवयीनं डावीकडे पाहिलं. मिलिटरी हॉस्पिटलात त्यांची बायको कांता त्या बाजूला बसे. ते फक्त जीभ दाखवायचे, दुखणी ती सांगायची. "तुम्ही गप्प बसा हो, तुम्हाला काही आठवत नाही," म्हणायची, आणि डॉक्टर कुणीही असो, पहिलं वाक्य ठरलेलं, "यांच्या बरगडीत एकाहत्तरचा छर्रा आहे, काळजाजवळ."

घरात ती त्याला पाहुणा म्हणे. थंडी पडली की तव्यावर फडकं गरम करून शेकायची. "काय म्हणतोय पाहुणा?" ती गेल्यापासून पाहुण्याची चौकशी कुणी केली नव्हती. तेही त्याला विसरून गेले होते.

"ठहरो बेटा," ते यंत्राच्या फळीवरून उठले. "अंदर लोहा है. दिल के पास."

पोरगा पांढराफटक पडला. "बाबूजी! पहले बोलना था ना!"

"बोलनेवाली थी, बेटा. अब नहीं है."

मग सीटीच झाला. देवयानीनं फिल्म उजेडावर धरली. "नस तितकी स्पष्ट नाही दिसत, पण हाड वाढून तिची वाट अरुंद झालीय, एवढं नक्की. ऑपरेशन आत्ता नको. पण फार वेळ उभं राहायचं नाही."

"आणि कीर्तन?"

"पूर्वरंग उभ्यानं, उत्तररंग बसून."

"नारदमुनी रागावतील की."

"त्यांना माझ्याकडे पाठवा."

संध्याकाळी संपतरावांनी हॉलमधल्या रिकाम्या खुर्च्यांपुढे तालीम धरली. पूर्वरंग कसाबसा उभ्यानं सरला. मग पाय गेला. त्यांनी कांताचा पाट ओढला आणि भिंतीला टेकून बसले. बरगडीत कळ आली, तसे उठून तव्यावर फडकं गरम करून आणलं.

शेक धरून ते थोडे थांबले. कुणी काही विचारलं नाही.

"काय म्हणतोय पाहुणा?" शेवटी त्यांनीच विचारलं.

फडकं निवल्यावर त्यांनी झांज उचलली आणि उत्तररंग बसूनच लावला.