नवसीचं ‘हो’

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. वाणगावहून आत, डोंगराकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत राहतो. माझं झाकण रबराने बांधलंय आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. जन्म कारखान्यातला, पण तिथलं फारसं आठवत नाही. आठवतात ती कपाटातली वर्षं. अंगावर खडूची धूळ आणि पोटात एकच कॅसेट. केळव्याच्या जागृतीबाई इथे शिकवायला आल्या, त्यांनी मला पुसलं, नवे सेल घातले आणि मी पुन्हा माणसांत आलो.

पाड्यावरच्या पोरांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. म्हणून बाई रोज माझ्यातली गोष्ट लावत. माझ्यातला आवाज सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतो. पोरं माना डोलवत. गोष्ट संपली की बाई विचारत, “समजलं का?” आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणे, “होऽ!” तपासणीला आलेले साहेब तो होकार ऐकून खूश झाले. माझंही कौतुक झालं. मी फुगलो. खरं सांगतो, फुगायला नको होतं.

कारण मला नवसी दिसत होती. दुसरीतली, पहिल्या ओळीत बसणारी. शब्द कळला की तिचे ओठ हलत, तो ती मनातल्या मनात म्हणून बघे. नाही कळला की ओठ मिटलेले. ‘हो’ मात्र दर वेळी म्हणे. शाळेत ‘हो’ म्हणायचं असतं, एवढं तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

गेल्या सोमवारी आमच्या वर्गात आरोग्य तपासणी होती. नवसीची आई बुधी धाकट्या अंकुशला कडेवर घेऊन आली. त्याला दोन दिवस जुलाब होत होते. नर्सबाईंना बुधीचं बोलणं कळेना, बुधीला त्यांचं. मग नवसीला पुढे केलं. दाराबाहेर रांग लागलेली. नर्सबाई वहीत लिहिता लिहिताच भरभर सांगत गेल्या, की ही मीठ-साखरेची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायची, घोटघोट पाजत राहायचं, पोर मलूल झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. मी नवसीचे ओठ बघत होतो. पुडी. पाणी. पुढे ते हललेच नाहीत.

“समजलं का?” नर्सबाईंनी विचारलं.

“हो,” नवसी म्हणाली.

माझ्यात एवढा आवाज, पण त्यात माझा स्वतःचा एक शब्द नाही. मी कपाटावर नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी नवसी सकाळी आलीच नाही. मधल्या सुट्टीत धापा टाकत आली तेव्हा वर्ग रिकामा होता. तिने मला खाली घेतलं, कॅसेट मागे फिरवली, बटण दाबलं. एका तळ्याकाठी एक बगळा राहत होता. पुन्हा मागे. पुन्हा बगळा. मी तेच तेच परत सांगतो, हे तिने रोज पाहिलं होतं. या खोलीत बोललेलं सगळं माझ्या पोटात राहतं, असं बिचारीला वाटलं. चौथ्यांदा बगळाच निघाला तेव्हा तिने माझ्या जाळीला तोंड लावलं.

“ती दवाची बाय काय बोलली, सांग ना. मना नाय समजला. अंकुश डोले उगडीत नाय.”

मागे दारात जागृतीबाई उभ्या होत्या. त्यांनी तिला जवळ घेऊन हातवारे करत, थांबत थांबत विचारलं. घरी अख्खी पुडी पेलाभर पाण्यात कालवून पोराला पाजली होती; लिटरभर पाण्याचं मीठ त्या एका पेल्यातून त्याच्या पोटात गेलं होतं. बाई फोन लावत लावतच नवसीला घेऊन पळाल्या.

आज शनिवार. अंकुश पालघरच्या दवाखान्यात आहे. खिचडी शिजवणारी येसूबाई सांगत होती, पोर अजून आईला ओळखत नाही. नवसीची जागा रिकामी आहे. आज बाईंनी मला लावलं आणि गोष्ट संपल्यावर सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, “समजलं का?” वर्ग ओरडला, “होऽ!” बाईंचा हात माझ्या बटणावर तसाच राहिला.

मित्रांनो, उद्या मला भंगारात दिलंत तरी माझी तक्रार नाही. पण शेजारचं कोणी नुसतं ‘हो’ म्हणालं, तर एकदा त्याच्या ओठांकडे बघा. आणि तुम्हाला कळलं नाही, तर तसं सांगायला लाजू नका. ‘मला समजलं नाही’ हे वाक्य माझ्या कॅसेटवर कुठेच नाही. नवसीने ते पहिल्यांदा म्हटलं, तेही माणसाला नाही, मला.